एका बुडीत क्लबचा अधिकृत इतिहास

मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, हे मी मालकांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आमच्या घरात खेळ म्हणजे क्रिकेट, आणि नवरा ते बघत असताना मी शेजारी बसून भाजी निवडते, एवढाच माझा खेळाशी संबंध. मालक म्हणाले, "उत्तम. म्हणजे तुमची कुठलीच बाजू नाही. इतिहास लिहायला असंच माणूस लागतं."

जुमेरा लेक टॉवर्समध्ये आमचं ऑफिस आहे. तुर्कस्तानातून संगमरवर आणायचा आणि इथल्या हॉटेलांच्या लॉबीत, व्हिलांच्या जिन्यांवर नेऊन बसवायचा, हा आमचा धंदा. माझं काम कॅटलॉग लिहिण्याचं. त्याच त्या पांढऱ्या दगडाला दर वर्षी नवी विशेषणं शोधून द्यायची. मालक तुर्की आहेत, काळ्या समुद्राकाठच्या एका लहानशा गावातले. माणूस चांगला. चिडला तरी दुपारच्या चहापर्यंत विसरतो.

हे सगळं सुरू झालं ते आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकामुळे. शारजातल्या आमच्या मंडळाचा अंक मी संपादित करते, आणि त्या वर्षी फराळाच्या डब्याबरोबर त्याची एक प्रत ऑफिसात नेली होती. मालकांनी चकलीचा तुकडा मोडत अंक चाळला. एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी फोटो मन लावून बघितले.

"हे हार घातलेले कोण?"

"आमच्या मंडळाचे संस्थापक."

"आणि हे?"

"हेही संस्थापकच. दुसऱ्या गटाचे."

मालकांनी सगळं समजल्यासारखी मान डोलावली. मग अंक मिटून म्हणाले, "मला आमच्या गावच्या क्लबचं असं पुस्तक हवंय. इंग्रजीत. म्हणजे जगाला कळेल." जगाला का कळायला हवं, हे मी विचारलं नाही. पगार देणाऱ्या माणसाला असले प्रश्न विचारू नयेत, हे मी इथे आल्यावर लवकरच शिकले.

त्यानंतर रोज दुपारी मालक मला केबिनमध्ये बोलावून इतिहास सांगू लागले. त्यांच्या इतिहासात सगळे लोक उमदे होते. गावातल्या एका शाळामास्तरांनी शहरातून चामड्याचा चेंडू आणला, बंदरावरच्या हमालांना आणि नोटरीच्या मुलांना एकाच रांगेत उभं केलं, आणि क्लब जन्माला आला. मैदान समुद्राला लागूनच. जोरात मारलेला चेंडू पाण्यात जायचा, म्हणून सामन्याच्या वेळी एक होडीवाला तयारीत बसवलेला असे. पुढे गावातला दुसरा क्लब आनंदाने यांच्यात सामील झाला. मग प्रगती, प्रगती आणि प्रगती. शेवटी एक वर्ष असं आलं, की हा एवढासा क्लब देशाच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये पोचला, आणि त्याने इस्तंबूलच्या एका बलाढ्य क्लबला आपल्या मैदानावर एक-शून्य हरवलं.

"मी तिथे होतो, हानम," मालक म्हणायचे. हानम म्हणजे आपल्याकडचं 'बाई'. "वडिलांच्या खांद्यावर बसून बघितलं. गोल झाला तेव्हा वडिलांनी असा हात वर केला की मी खालीच पडलो. हे बघा." आणि ते भुवईवरची खूण दाखवायचे.

"मग पुढे?"

"पुढे काय?"

"वरच्या लीगमध्ये पुढच्या वर्षी काय झालं?"

मालकांनी खिडकीबाहेर बघितलं. "पुढच्या वर्षी आम्ही तिथे नव्हतो."

त्यानंतरचा क्लबचा सगळा इतिहास खाली जाण्याचाच होता. मालकांनी तो दोन वाक्यांत उरकला.

नोव्हेंबरात मालकांचे सासरे इथे आले. पंच्याऐंशीच्या घरातले, ताठ, हाताचे पंजे फावड्याएवढे. बायको गेल्यापासून दर हिवाळ्यात ते लेकीकडे राहायला येतात. इतिहास लिहिला जातोय हे त्यांच्या कानावर गेलं, आणि एका शनिवारी मला मालकांच्या व्हिलावर नाश्त्याला यायचा निरोप आला. चीज, ऑलिव्ह, अंडी, मध, आणि छोट्या काचेच्या पेल्यांतून न संपणारा चहा. आजोबांना तुर्कीशिवाय दुसरी भाषा येत नाही. त्यामुळे मधे दुभाषी म्हणून मालकांच्या पत्नी बसल्या. शांत, हसऱ्या बाई. मनातल्या मनात मी त्यांना वहिनी म्हणायला लागले होते.

आजोबा बोलू लागले. आधी हळू, मग टेबलावर हात आपटत, मग मिठाची आणि मिरपुडीची बाटली आमनेसामने ठेवून. बराच वेळ बोलले. दम घ्यायला थांबले तेव्हा मी पेन सरसावून वहिनींकडे बघितलं.

"ते म्हणतात, नाही," वहिनी म्हणाल्या.

"एवढंच?"

"बाकीच्या शिव्या आहेत."

हळूहळू उलगडत गेलं. आनंदाने सामील झालेला तो दुसरा क्लब आजोबांचा होता. लाल जर्सीवाला. त्याचे ते गोलकीपर. गावातले सगळे फुटबॉलपटू एकाच क्लबमध्ये आले तरच देशाच्या लीगमध्ये जागा मिळेल, असं वरून सांगण्यात आलं, तेव्हा दोन्ही क्लबांची सभा भरली. मालकांच्या म्हणण्याप्रमाणे त्या सभेत लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या क्लबच्या लोकांना सभेची वेळ चुकीची कळवण्यात आली होती. ते पोचले तेव्हा ठराव मंजूर होऊन चहासुद्धा पिऊन झाला होता. नव्या क्लबचं नाव, मैदान, रंग, सगळं मालकांच्या क्लबचं राहिलं. लाल रंग उरला तो फक्त मोज्यांच्या पट्टीवर.

"मग तुम्ही नव्या क्लबकडून खेळलात?" मी विचारलं.

या वेळी वहिनींनी वडिलांना विचारलंच नाही. स्वतःच म्हणाल्या, "गावातले सगळ्यात चांगले गोलकीपर होते ते. परत कधी हातमोजे घातले नाहीत. टपाल कचेरीत नोकरी केली."

"आणि लेक दिली त्याच क्लबच्या घरात?"

"दिली नाही. मीच गेले." वहिनी हसल्या. "माझ्या लग्नात बाबा लाल टाय लावून आले होते. फोटो बघितलेत तर वाटेल, कुणी मेलंय."

शारजाला परत जाताना ट्रॅफिकमध्ये अडकून मी मनाशी हसत होते. त्याच महिन्यात आमचं मंडळ दुसऱ्यांदा फुटलं होतं. कारण सांगण्यासारखं नाही, गणपतीच्या हॉलवरून. नवरा एका गटाचा चिटणीस होता आणि समोरच्या गटातल्या माणसाशी त्याचं लिफ्टमध्ये बोलणं बंद होतं. आम्ही अल मजाजमध्ये एकाच टॉवरमध्ये राहतो, त्यामुळे ही शांतता रोज बावीस मजले चालायची. तरीही मला समुद्राकाठच्या त्या गावची भांडणं फार बालिश वाटत होती.

खरी पंचाईत लिहायला बसल्यावर झाली. सगळं पुस्तक एका क्रियापदावर येऊन अडलं. दोन क्लब एकत्र 'आले', असं मी लिहिलं. मालकांना ते पसंत पडलं. वहिनींनी ते वाचून दाखवल्यावर आजोबा जेवणावरून उठून गेले. त्यांना 'गिळला' हवं होतं. मालक म्हणाले, क्लब म्हणजे काय साप आहे? मी 'विलीन झाले' सुचवलं. आजोबा म्हणाले, साखर चहात विलीन होते, गोलकीपर नाही. मग मला वाटलं, आपण काहीतरी गोड सुचवावं. म्हटलं, "दोन क्लबांचं लग्न झालं, असं लिहू?"

वहिनींनी तुर्कीत सांगितलं. आजोबांनी लगेच काहीतरी विचारलं आणि वहिनी खो-खो हसत सुटल्या.

"काय म्हणाले?"

"म्हणतात, नवरीला कुणी विचारलं होतं का?"

मालक हसले नाहीत. त्यांनी त्या दिवशी तो सगळा भागच काढून टाकायला सांगितला. दुसऱ्या दिवशी आजोबांनी लेकीकरवी निरोप पाठवला, की तो भाग नसेल तर आपला फोटोही नको. मालकांना फोटो हवा होता. आजोबांचा हवेत आडवी झेप घेतलेला तो फोटो त्या सगळ्या जमवाजमवीत एकमेव बघण्यासारखा होता. असे कितीतरी आठवडे गेले. सकाळी संगमरवराची विशेषणं, दुपारी एक क्रियापद. मालक रोज विचारायचे, "झालं का?" मी म्हणायचे, "इन्शाल्ला." इथे राहून हा शब्द एवढा अंगवळणी पडला आहे, की 'नाही' म्हणायची वेळच येत नाही.

शेवटी वहिनीच एके दिवशी ऑफिसात आल्या. नवऱ्याच्या केबिनमध्ये न जाता माझ्या टेबलाशी बसल्या, माझा कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि दोन बोटांनी एक वाक्य टाइप केलं. 'त्या वर्षापासून गावात एकच क्लब उरला.'

"हे दाखवा दोघांना," म्हणाल्या. "आणि मी लिहिलंय म्हणून सांगू नका."

मी मालकांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. "बरोबर. एकच क्लब. सगळं गाव एक झालं. हेच तर मी सांगत होतो." संध्याकाळी आजोबांना ऐकवलं. ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "उरला. हो. एकच उरला." दोघांनी माझी पाठ थोपटली. वहिनी समोर चहा ओतत होत्या. इतकी वर्षं त्या दोघांच्या मधे बसून त्यांनी दुभाष्याचं काम किती कौशल्याने केलं असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

पुस्तक छापायला जायच्या सुमाराला क्लबची शेवटची घटका भरत आली होती. वरच्या लीगमधून घसरत घसरत तो आता व्यावसायिक फुटबॉलच्या तळाच्या पायरीवर होता. शेवटचा सामना हरला, तर खाली फक्त हौशी गल्लीफुटबॉल. मालकांना खात्री होती की क्लब वाचणार, आणि शेवटचं प्रकरण या विजयाने संपवायचं. म्हणून त्या रविवारी दुपारी मला मुद्दाम व्हिलावर बोलावलं. मी मुलीलाही नेलं. ती फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आई, इट्स लिटरली द वर्स्ट टीम इन टर्की." मी तिला कोपराने ढोसलं.

सामना सुरू व्हायच्या आधी आजोबा खोलीतून बाहेर आले. कडक इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. वहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या, "बुडताना बघायला आलेत. साठ वर्षं वाट बघतायत."

आमची टीम म्हणजे मालकांची टीम. पण दुपारभरात ती कधी 'आमची' झाली ते मला कळलंच नाही. आमच्या टीमने आधी गोल केला. मालकांनी मला मिठी मारली, मग लाजून माझ्या मुलीला मारली. मग समोरच्यांनी बरोबरी केली. आणि अगदी शेवटी, आमच्या गोलकीपरने कारण नसताना पुढे धावत येऊन एका माणसाला आडवं केलं. पेनल्टी.

आजोबा ताडकन उभे राहिले. टीव्हीच्या अगदी जवळ गेले आणि त्या कोवळ्या गोलकीपरला काहीतरी सांगू लागले. ओरडत नव्हते, सांगत होते. गुडघे किंचित वाकवून, हात पसरून. पेनल्टी घेणाऱ्याने चेंडू मारला. आजोबा डावीकडे झुकले. गोलकीपर उजवीकडे गेला. चेंडू डावीकडून आत.

मालक बागेत निघून गेले. आजोबा टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसून राहिले. वहिनींनी जवळ जाऊन काही विचारलं, त्यांनी चिडून उत्तर दिलं.

"मी विचारलं, डोळ्यांत पाणी का," वहिनी स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाल्या. "म्हणाले, एसी फार आहे." मग कप विसळता विसळता, माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं. इस्तंबूलच्या क्लबला हरवलं तो दिवस. सगळ्या गावाला माहीत होतं की आजोबा तो सामना बघणार नाहीत. त्यांनी दुपारी पडदे ओढले, आणि मागच्या दाराने लेकीचा हात धरून मैदानामागचा डोंगर चढले. हेझलनटच्या झाडांत बसून दोघांनी पूर्ण सामना बघितला. गोल झाला तेव्हा बाबांनी माझं तोंड दाबून धरलं, वहिनी म्हणाल्या, मी ओरडू नये म्हणून. पण ओरडत तेच होते.

"हे पुस्तकात घालू नका."

पुस्तकात मी ते घातलं नाही. इथे लिहिते आहे, कारण हे मराठीत आहे.

क्लब हौशी लीगमध्येसुद्धा गेला नाही. कर्जं एवढी होती की महिन्याभरात दाराला टाळं लागलं आणि नाव, रंग, सगळं खलास. पुस्तक तोवर छापून आलं होतं. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं, आणि शेवटचं वाक्य असं की आमचा क्लब आत्मविश्वासाने भविष्याकडे वाटचाल करत आहे. मी मालकांना विचारलं, काय करायचं? ते म्हणाले, "बाराव्याला माणसं जेवायला येतातच ना तुमच्याकडे? तसं करू." आमच्या बाराव्याविषयी त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे.

शारजातल्या एका हॉलमध्ये प्रकाशन झालं. इथली तुर्की कुटुंबं आली होती, ऑफिसचा स्टाफ होता, आणि गर्दी दिसावी म्हणून माझ्या नवऱ्याने आणलेली आमच्या मंडळाची माणसं. दोन्ही गटांची. फुकट कबाब म्हटल्यावर गट कुठे आडवे येतात. भाषणं चालू असतानाच मालकांचा फोन वाजला. गावातल्या लोकांनी नवा क्लब काढल्याची बातमी होती. जुनं नाव घेतलं तर जुनी कर्जंही गळ्यात पडतील, असा सल्ला वकिलाने दिला होता. म्हणून त्यांनी गावातलं दुसरं एक जुनं नाव घेतलं, ज्याच्यावर कुणाचाही हक्क उरला नव्हता.

आजोबांच्या क्लबचं.

मालक स्टेजवरच पांढरे पडले. खाली उतरून सासऱ्यांना म्हणाले, "चोरी आहे ही! आमच्या मैदानावर, आमच्याच पोरांना घेऊन, तुमचं नाव!"

आजोबांनी शांतपणे कबाब चावून संपवला. मग काहीतरी बोलले. या वेळी वहिनींनी सगळ्यांना ऐकू जाईल असं भाषांतर केलं. "ते म्हणतात, चोरी कसली? आनंदाने सामील झालात."

दोघांचं दहा दिवस बोलणं बंद होतं. वहिनी वैतागल्या. आजोबांचं परतीचं विमान जवळ आलं तेव्हा त्यांनी दोघांना गाडीत घातलं आणि वाटेत मलाही उचललं. "दोघांच्या मधे बसायला कुणीतरी हवं," म्हणाल्या. आम्ही पूर्व किनाऱ्यावर खोर फक्कानला गेलो. बोगदे ओलांडून गाडी खाली उतरली आणि समोर डोंगर थेट समुद्रात उतरलेले दिसले, पलीकडे बंदराच्या उंच क्रेन. उकाडा मी म्हणत होता. आजोबांनी बूट काढले आणि पॅंट दुमडून पाण्यात जाऊन उभे राहिले. किनाऱ्यावर बंदरावरची काही माणसं फुटबॉल खेळत होती. चेंडू पाण्यात आला. आजोबांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि परत फेकला नाही. नुसता धरून उभे राहिले.

ती माणसं थांबली. एकजण चेंडू मागत ओरडला, "यल्ला, चाचा!"

मालक किनाऱ्यावरून काहीतरी म्हणाले. आजोबांनी मान न वळवता उत्तर दिलं. मग मालकांनी बूट काढले. पॅंट न दुमडताच पाण्यात शिरले आणि सासऱ्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. काय बोलणं झालं ते मला गाडीत कळलं. मालक म्हणाले होते, लहानपणी होडीवाला यायच्या आधी आम्हीच पोहत जाऊन चेंडू आणायचो. आजोबांनी विचारलं होतं, कुणाचे? तुमचे की आमचे? मालक म्हणाले, पाण्यात पडलेला चेंडू कुणाचा ते कसं कळणार?

हिवाळ्यापुरते आलेले आजोबा शेवटी जूनमध्ये गावी गेले. नव्या क्लबने त्यांना मानद अध्यक्ष केलं. त्यांनी आधी नकार दिला, मग जर्सीचा लाल रंग पुरेसा लाल नाही म्हणून भांडले, मग स्वीकारलं. गोलच्या जाळ्या मालकांनी पाठवल्या, आपलं नाव कुठे येऊ नये या अटीवर. जुन्या क्लबच्या कचेरीतलं सामान धनकोंनी नेलं. त्यामुळे आज त्या गावात फुटबॉलचा लिहिलेला इतिहास असा फक्त माझा आहे. तिथल्या शाळेत त्यातले उतारे तुर्कीत करून वाचतात म्हणे. ते गाव मी अजून पाहिलेलं नाही. ऑफसाइड म्हणजे काय, तेही मुलीने तीनदा समजावूनही मला कळलेलं नाही.

हौशी लीगचे निकाल इंटरनेटवर सापडत नाहीत. रविवारी संध्याकाळी वहिनी गावाला फोन लावतात आणि मग मला. गेल्या आठवड्यात मी फोन उचलला तर त्यांच्या मागे मालक मोठमोठ्याने गात होते. आमचा पहिला विजय झाला होता, तीन-शून्य.

"गोल कुणी केले?" मी विचारलं.

"कुणी नाही," वहिनी म्हणाल्या. "समोरच्या टीमची बस घाटात बंद पडली. ते आलेच नाहीत. नियमाप्रमाणे तीन-शून्य. पण बाबांनी सगळ्या मैदानाला चहा पाजला."